जबाब बाकी

त्या मंगळवारी नानांनी रिक्षावाल्या भटूचा पुरवणी जबाब घेतला, अर्धी कळण्याची भाकरी आणि वाटीभर भरीत खाल्लं, आणि खालच्या मजल्यावरच्या लताबाईंना गॅलरीतून हाक मारून कळवलं की त्यांच्यावरचा संशय अजून मिटलेला नाही.

"मिटवू नका नाना," लताबाई खालून ओरडल्या. "त्या निमित्तानं कुणी माझी विचारपूस तरी करतं."

मग नानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात तेविसाव्या दिवसावर लाल पेनने फुली मारली. अठ्ठावीस व्हायच्या होत्या. फुली मारून झाल्यावर ते दाराच्या चौकटीला टेकून दम खात उभे राहिले, आणि मी पाहते आहे हे लक्षात येताच चौकटीचा रंग उडालाय, असं म्हणाले.

"तुझाही जबाब घ्यायचा राहिलाय," जेवताना ते म्हणाले.

"माझा कशाला?"

"घरातल्यांचा शेवटी घेतात. पद्धत आहे."

"मग घ्या उद्या."

"उद्या बघू. वांगं जरा जास्त भाजलंस."

वांगं जास्त भाजलेलं नव्हतं. पण त्यांनी वाटी पुसून खाल्ली, म्हणून मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास, मी चहा गाळत असताना, ते न्हाणीच्या दारात बसले. पडले नाहीत, बसले. भटूने पाच मिनिटांत रिक्षा आणली. आम्ही रुग्णालयात पोहोचलो तेव्हा ते गेलेले होते. फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकली, असं डॉक्टर म्हणाले. या आजारात असं होतं.

आता मागचं सांगते.

नाना म्हणजे माझे वडील, वना दगडू बोरसे. धुळे जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीतून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. शेवटची एकोणीस वर्षं त्यांनी निराधारांच्या शाखेत काढली. म्हातारी, विधवा, अपंग माणसं दरमहाच्या सरकारी मदतीसाठी अर्ज करत. गावाकडे त्या मदतीला सरळ 'पगार' म्हणतात. पगाराला कोण पात्र आणि कोण अपात्र याची छाननी नानांकडे असे. पात्र निळ्या शाईत, अपात्र लाल शाईत.

अपात्रांच्या गोष्टी ते घरी जेवताना सांगत. आमच्याकडे रामायण-महाभारत कमी आणि अपात्र जास्त ऐकले गेले. त्यातला माझा आवडता एक म्हातारा होता. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही म्हणून अर्ज घेऊन आला होता. नातू हाताला धरून घेऊन आला, म्हातारा चाचपडत खुर्चीवर बसला. नानांनी कागद पाहिले, काही न बोलता पेन उचललं. म्हातारा एकदम म्हणाला, "सायेब, लाल नका ना."

त्याला नानांनी चहा पाजून परत पाठवलं. पण लिहिलं लालनेच.

आई गेल्यावर ते धुळ्याला एकटे राहत. खोकला बरा होईना म्हणून मागच्या मार्चमध्ये तपासण्या केल्या. फुफ्फुसाचा कर्करोग निघाला आणि तो यकृतापर्यंत पोहोचलेला होता. मी त्यांना जळगावला माझ्याकडे आणलं. मी इथे एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, एकटीच राहते, घरात दोन खोल्या आणि पुस्तकं. दोन प्रकारची औषधं देऊन झाली. पहिल्याने चार महिने बरे गेले, दुसऱ्याने केस गेले आणि आजार तिथेच राहिला.

नोव्हेंबरच्या शेवटी डॉक्टर भूपेंद्र झांबरे यांनी आम्हाला समोर बसवलं. "नेहमीची औषधं आता संपली," ते म्हणाले. "पण आपल्याकडे एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. त्यात घेता येतंय का पाहू. मात्र ते निकषांवर ठरतं. माझ्या हातात नाही." त्यांनी माझ्या हातात चार पानांचा कागद दिला.

परतीच्या वाटेवर आम्ही भटूच्या रिक्षात होतो. पिंप्राळ्याचं रेल्वे फाटक लागलेलं होतं. गाडी जाईपर्यंत थांबलो, तेव्हा ते म्हणाले, "निकष म्हणाले ना ते?"

"हो."

"म्हणजे योजना आहे."

आठ महिन्यांत मी त्यांच्या चेहऱ्यावर तसं तेज पाहिलं नव्हतं.

"कागद वाचूया का?" मी विचारलं.

"कागद नंतर. आधी अर्जदार तयार करू."

आयुष्य पुस्तकांत घालवूनही मी तो चार पानी कागद त्या आठवड्यात वाचला नाही. त्यात काय लिहिलं असेल याची मला भीती वाटत होती. नानांना भीती नव्हती, अनुभव होता. एकोणीस वर्षं लोक त्यांच्यासमोर येऊन विव्हळले होते. आता त्यांची पाळी होती, आणि ती ते निष्काळजीपणे दवडणार नव्हते.

चार दिवस दाढी केली नाही. पेटीच्या तळातून एक बनियन निघालं, त्याला पाठीला भोक होतं. "पुढून दिसणार नाही," मी म्हणाले. "खोकताना मी वाकेन," ते म्हणाले. लताबाईंच्या सासूची चाकाची खुर्ची माळ्यावर पडून होती, ती खाली काढली. तिचं एक चाक कुरकुरत होतं. मी तेल घालायला गेले तर मला थांबवलं. "राहू दे. आवाजाने माणूस आधीच अर्धा पात्र होतो."

ठरलेल्या दिवशी भटूने खुर्ची ढकलत त्यांना आत नेलं. भटूलाही शिकवून ठेवलं होतं. त्याने दोनदा डोळे पुसले. तिसऱ्यांदा पुसायला लागला तेव्हा नाना शालीआडून पुटपुटले, "पुरे."

डॉक्टर झांबरेंच्या शेजारी प्रज्ञा बसली होती. तिशीतली, नीट वेणी घातलेली, अभ्यासाचे सगळे कागद सांभाळणारी. डॉक्टरांनी विचारलं, "नाना, दिवसातला किती वेळ अंथरुणात जातो?"

"सगळाच, साहेब." आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"आंघोळ स्वतः करता?"

"ही घालते."

त्याच सकाळी त्यांनी बंबात स्वतः लाकडं सारून आंघोळ केली होती आणि उरलेल्या पाण्यात माझी पायपुसणी धुतली होती.

"जेवण?"

"भरवावं लागतं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. "मग अवघड आहे, नाना. या औषधाचा त्रास सोसायला अंगात ताकद लागते. ज्यांना हिंडता-फिरता येतं, स्वतःचं स्वतः करता येतं, अशांनाच घेता येतं. इतकं अशक्त असताना औषध देणं म्हणजे तुम्हाला इजा करणं."

खुर्ची कुरकुरत बाहेर आली. रुग्णालयाच्या आवारात पोहोचल्यावर नाना उठले, शाल झटकली, खुर्ची घडी केली, ती दोन्ही हातांनी उचलून रिक्षाच्या मागच्या सीटवर ठेवली आणि माझ्याकडे वळले. चिडले किंवा फार आनंदात असले म्हणजे ते अहिराणीवर येत.

"हेमा, हाई ते बठ्ठं उलटं शे!"

मग एकदम हसायला लागले. हसता हसता खोकला आला, खोकत खोकत हसले. "आठे, या योजनामा, धडधाकट मरणारा पाहिजे!"

माझ्या पर्समध्ये तो कागद आठवडाभर होता.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. "ताई, एक विचारायचं होतं. मघाशी मी खिडकीतून बघत होते. रिक्षात खुर्ची चढवत होते, ते तुमचे वडीलच होते का?"

मी काही बोलायच्या आत नानांनी फोन ओढून घेतला. "मॅडम, अर्जदाराला फेरतपासणीची संधी असते की नाही?"

"असते," प्रज्ञा म्हणाली. ती हसू दाबत होती, पलीकडून ऐकू येत होतं.

त्या रात्री, म्हणजे आठच्या बातम्यांच्या वेळी, आम्ही तो कागद वाचला. मी मोठ्याने वाचत होते आणि नाना टिपणं घेत होते. आजार मोजता येईल असा असावा. आधीचे उपचार संपून ठराविक आठवडे झालेले असावेत. रक्त, मूत्रपिंड, यकृत यांचे आकडे अमुक मर्यादेत असावेत. आजार मेंदूत पसरलेला नसावा.

"मेंदूबद्दल आमच्या तहसीलदारांचं मत घेऊ नका म्हणावं," नाना म्हणाले. "पुढे?"

"किमान तीन महिने जगण्याची शक्यता असावी."

"बघ! हयातीचा दाखला आगाऊ मागताहेत." त्यांनी ते अधोरेखित केलं. "आम्ही निदान मागचा मागायचो."

सगळ्यात जास्त गंमत त्यांना सोडतीची वाटली. निकषांत बसलेल्यांपैकी कुणाला नवं औषध आणि कुणाला नेहमीचं मिळणार, हे संगणक ठरवणार होता. डॉक्टरांनाही निवडता येणार नव्हतं. "म्हणजे वशिला नाही," नाना म्हणाले आणि पेन खाली ठेवलं. "पात्र व्हायचं, मग सोडत लागायची, मग औषध लागू पडायचं. हेमा, आपण लोकांना उगाच छळलं. हे खरे छाननी करणारे."

कागदाच्या शेवटी लिहिलं होतं की रुग्णाला कधीही, कुठलंही कारण न देता, बाहेर पडता येईल. त्याचं टिपण त्यांनी घेतलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दाढी केली, धुळ्याच्या निरोप समारंभातला सफारी घातला आणि लिफ्ट सोडून जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेले. प्रत्येक मजल्यावर भिंतीवरच्या पाट्या वाचायला थांबले. पाट्या कसल्या होत्या ते मला माहीत आहे, आगीच्या वेळी काय करावं. तीन वेळा वाचल्या. वर पोहोचले तेव्हा श्वास सारखा झालेला होता.

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "नाना, मागच्या वेळी?"

"मागच्या वेळी योजनेबद्दल गैरसमज झाला होता," नाना म्हणाले.

डॉक्टर हसले, पण तेवढ्यावर सोडलं नाही. चालायला लावलं, बसून-उठून दाखवायला लावलं, मला वेगळं बाहेर नेऊन विचारलं. मी खरं सांगितलं. ते घरात सगळं स्वतः करतात, दुपारी दोन तास पडतात, आणि माझं वांगं भाजणं त्यांना पसंत नाही. मग रक्त घेतलं. दोन दिवसांनी अहवाल आले. यकृताचे आकडे मर्यादेच्या आत होते, पण अगदी काठावर.

त्या दिवशी प्रज्ञा एकेक प्रश्न विचारून खूण करत होती. दुसरा कुठला कर्करोग? नाही. रक्त पातळ करण्याची गोळी? नाही. "झाडपाला, काढा, पूड, कुणा वैद्याचं, बाबांचं काही?"

"नाही," नाना म्हणाले. सफारीच्या बटणाला हात लावून म्हणाले.

इथे मला ताकाबद्दल सांगायला हवं.

नानांची थोरली बहीण यशोदाबाई, माझी फुई, धरणगावला असते. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती ऑक्टोबरात येऊन गेली होती. ती गेल्यानंतर एकदा मी ताकात डब्यातली जिरेपूड घातली. एक घोट घेतला आणि तोंड कडू जहर झालं. नानांनी त्यांचा पेला शांतपणे संपवला. "जिरं जुनं झालंय," ते म्हणाले. मीही माझा पेला संपवला. आमच्यात कुणी कुणाला उघडं पाडत नाही. नंतर मी डबा हुंगला. दुसऱ्या दिवशी फुईला फोन केला तेव्हा तिने सांगितलं, जामनेरकडच्या एका माणसाची पूड आहे, त्याच्याने तिच्या दिराचा असाच आजार गेला. "मी त्याले सांगेल शे, रोज ताकमा ले आनि कोनले सांगू नको. तू बी सांगू नको."

मी सांगितलं नव्हतं. पोटात जाऊन जाऊन काय जाणार, असं तेव्हा वाटलं होतं.

आता प्रज्ञा खूण करत होती, आणि यकृताचे आकडे काठावर होते, आणि नव्या औषधाचा सगळा भार यकृतावर पडतो हे कागदात लिहिलेलं मीच मोठ्याने वाचलं होतं. ज्या माणसाने एकोणीस वर्षं खोटी प्रतिज्ञापत्रं पकडली, तो समोर बसून खोटं सांगत होता. आणि मला दिसत होतं की तो किती जीव तोडून सांगतोय.

आम्ही खाली रिक्षापर्यंत आलो. मी पर्स चाचपली. "चष्म्याचं घर वर राहिलं," मी म्हणाले, आणि लिफ्टने वर गेले.

प्रज्ञाने पुडीचं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली नाही. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली. "तुमचं नाव कुठेही येणार नाही, ताई."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन नानांना आला. अशी काही पूड चालू असल्याचं कळलंय. ती आजपासून पूर्ण बंद. अठ्ठावीस दिवस थांबायचं, मग रक्त पुन्हा तपासायचं, आणि तेव्हा निकषांत बसलात तर घेऊ. नानांनी "बरं" म्हटलं. फोन ठेवला. कॅलेंडर काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निनावी अर्ज झालाय."

निनावी अर्ज हा त्यांचा नोकरीतला लाडका विषय. अमक्याला पगार चालू आहे पण त्याचा मुलगा मास्तर आहे, तमकीचा नवरा जिवंत आहे आणि सुरतला आहे, असं कुणीतरी बिननावाने लिहायचं आणि नाना ते कुणी लिहिलं हे शोधून काढायचे. तालुक्यातल्या अक्षरांची सगळी वळणं त्यांना पाठ होती. शोधून मात्र कधी कुणाला सांगत नसत.

दुपारी त्यांनी मला फूलस्केप कागद, नाडीची फाईल आणि दोन पेनं आणायला सांगितली. चौकशी सुरू झाली.

पहिला जबाब भटूचा. गॅलरीत समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टूल. नाना बोलत बोलत लिहीत. "मी भटू अमुक अमुक, वय?"

"लिहा चाळीस. नाना, खाली सही करू का अंगठा देऊ?"

"सही येत नाही?"

"येते. पण अंगठ्याने केस मोठी वाटते."

भटूने जबाबात सांगितलं की पुडीबद्दल त्याला काही माहीत नव्हतं. मात्र एकदा तो आमच्याकडे ताक प्यायला होता आणि त्या दिवशी दुपारपर्यंत त्याला रिक्षा काढता आली नव्हती. नानांनी शेरा मारला, 'साक्षीदार स्वतः बाधित.'

लताबाईंचा जबाब चार पानांचा झाला, कारण त्यांनी मध्येच त्यांच्या सुनेविरुद्ध स्वतंत्र तक्रार नोंदवली. फुई खास धरणगावहून आली. तिला खुर्चीवर बसवताच ती उखडली.

"मी कसाले सांगू रे वना? पूड ते मीच दिन्ही ना! चोर सोडीसन संन्यासीले फाशी देस का?"

"अक्का, जबाबात म्हणी चालत नाहीत."

"मंग लिही, मनी बहीण अडाणी शे, पन भाऊनं वाईट करनार नही."

नानांनी ते जसंच्या तसं लिहिलं. फुईने वाचून दाखवायला लावलं, दोनदा. मग पदराने नाक पुसत स्वयंपाकघरात आली आणि मला म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे.

मी भाकरी थापत सगळं ऐकत होते. रोज रात्री ठरवत होते की उद्या सांगेन. पण रोज सकाळी ते उठून बसायचे, फाईल मागायचे. जबाबाच्या दिवशी अर्धी भाकरी जास्त जायची.

बाराव्या-तेराव्या दिवशी साक्षीदार संपले. फाईल उशाशी पडून राहिली. दोन दिवस त्यांनी फक्त पेज घेतली आणि कॅलेंडरवरच्या फुल्या मला मारायला सांगितल्या. तिसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात जेवणाच्या सुट्टीत एक कोरा कागद घेतला आणि डाव्या हाताने लिहिलं: 'चौकशी चुकीच्या दिशेने चालू आहे. खालच्या मजल्याकडे नीट बघावे. एक हितचिंतक.' संध्याकाळी दाराखालून आत सरकवला, मग किल्लीने दार उघडून घरात आले आणि त्यावर पाय दिला.

"अगं, कागद!" नाना ओरडले. कॉटवरून उतरून त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, उलटा केला, हुंगला. त्या रात्री त्यांनी वरण-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी लताबाईंचा वाणसामानाचा कागद, भटूने लिहिलेला पत्ता, फुईचं जुनं पोस्टकार्ड, सगळ्यांशी ताडून पाहिलं. माझं अक्षर मागितलं नाही. घरात माझ्या अक्षराचे शंभर कागद होते.

असं करत तेविसावा दिवस आला.

नंतर कागदपत्रं घ्यायला रुग्णालयात गेले तेव्हा मी डॉक्टर झांबरेंना विचारलं, "लगेच घेतलं असतं तर?"

"ताई, सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर अभ्यास कशाला करतो आहोत?"

"आणि पूड चालू असताना घेतलं असतं तर?"

"तेही सांगता येत नाही."

प्रज्ञा मला जिन्यापर्यंत सोडायला आली. चष्म्याचं घर हातात आहे ना, एवढं पाहिलं.

तेरावं झालं. फुई धरणगावला परत गेली. जाताना जिरेपुडीचा डबा घासून, उन्हात वाळवून, त्यात खरंच जिरं भरून गेली. काल दुपारी मी फाईलची नाडी सोडली.

नानांनी अनुक्रमणिका केलेली होती. पान तीन, भटू. पान सात, लताबाई, तक्रारीसह. पान अकरा, अक्का. पान पंधरा, निनावी पत्र, नीट चिकटवलेलं. खाली निळ्या शाईत शेरा: 'डाव्या हाताचे अक्षर. ओळखीचे. हेतू चांगला. दप्तरी दाखल.'

मग मी पहिलं पान उलटलं. त्यावर तारीख डॉक्टरांचा फोन आला त्याच दिवसाची होती. भटूला बोलावण्याच्याही आधीची. वर नाव लिहिलेलं: 'हेमांगी, वय ४६, नाते मुलगी, राहणार जळगाव.' पुढे त्यांची नेहमीची सुरुवात, 'समक्ष विचारल्यावरून जबाब देते की', आणि त्याखाली सगळं पान कोरं. अगदी तळाशी निळ्या शाईत दोन ओळी.

'जबाब बाकी.

घाई नाही.'

खाली लताबाई कुणाला तरी मोठ्याने सांगत होत्या की गॅलरीतल्या त्या खुर्च्या आता आत घ्यायला हव्यात, ऊन लागून तडकतील. मी गॅलरीत गेले. खुर्च्या आत घेतल्या नाहीत. साक्षीदाराच्या खुर्चीवर बसले, फाईल समोरच्या खुर्चीवर ठेवली. घसा साफ केला. आवाज जरा मोठाच निघाला, कारण खालचं बोलणं थांबलं.

"मी, हेमांगी वना बोरसे, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी सांगितलं, नाना. चष्म्याचं घर माझ्या पर्समध्येच होतं. पुडीचं मला ऑक्टोबरपासून माहीत होतं, तेव्हाच बोलायला हवं होतं, ते बोलले नाही. मला वाटलं अठ्ठावीस दिवस म्हणजे काय, जातील. पत्रही मीच लिहिलं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा वर जाऊन सांगेन. आणि पुन्हा तुमच्यापासून लपवीन, कारण तुम्ही चौकशीच्या दिवशी जेवत होतात."